भागतं आमचं

मक्याची कणसं सोलायला बसलं की थोरलीचे हात जेवढे चालायचे त्याच्या दुप्पट तोंड चालायचं. त्या दिवशी अंगणात कणसांचा ढीग पडला होता, ऊन भिंतीवरून उतरून पायापर्यंत आलं होतं आणि सून अजून पाण्यावरून परतली नव्हती. त्यामुळे तोंडाला विषय शोधायचीही गरज नव्हती.

"झरा काय पळून जातो का?" ती म्हाताऱ्याला म्हणाली. "हे इथं तर आहे, हाकेच्या अंतरावर. मी चुलीवर दूध ठेवून पाण्याला जायची आणि ते उतू जायच्या आत परत यायची."

म्हातारा म्हणजे तिचा नवरा. दुधाची ही गोष्ट त्यानं इतक्यांदा ऐकली होती की त्याला त्यातला फरकही कळायला लागला होता. दर वर्षी झरा थोडा जवळ यायचा. त्यानं मान हलवली, कणीस सोललं, दाण्यांवरून अंगठा फिरवून पाहिला आणि टोपलीत टाकलं. बायकोशी वाद घालायचा नाही, हे त्याला फार आधी उमगलं होतं, आणि त्याचा त्याला आता कंटाळाही येत नव्हता.

तिला थोरली सगळेच म्हणायचे. वरच्या आळीतली घरं टेकडीच्या खांद्यावर दाटीवाटीनं बसलेली. त्या सगळ्या घरांत ती वयानं मोठी आणि आवाजानं त्याहून मोठी. एके काळी ती डोक्यावर एकावर एक तीन भांडी घेऊन, एकाही भांड्याला हात न लावता, चढ चढून यायची. लोक बघत उभे राहायचे. खालच्या आळीतल्या बायकांच्या पोटात दुखायचं. थोरलीच्या अंगावर दागिना कधी नव्हता, पण ती मान तिच्याकडे होती, आणि दागिन्यासारखीच ती मिरवायची. मुलासाठी मुलगी बघायला गेली तेव्हा सगळे पोरीचा चेहरा बघत होते, थोरली मान बघत होती. परत येताना म्हणाली, "चेहरा ठीक आहे. मान चांगली आहे." झालं, लग्न ठरलं.

मुलगा शहरात रस्त्याच्या कामावर असायचा. कधीतरी यायचा, दोन दिवस झोपायचा आणि परत जायचा. घरात उरायची ती सून, आणि सुनेच्या मागे थोरलीचं तोंड.

सून अंगणात आली ती घामानं भिजून. डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी, कडेवर घागर. मान मात्र तशीच, ताठ.

"संपल्या गप्पा?" थोरलीनं विचारलं.

सुनेनं भांडी उतरवली, चुंबळ खुंटीला अडकवली आणि उजवा हात झटकला. बोटांना चिकटलेलं काहीतरी उडवावं तसा.

"हाताला काय झालं?"

"काही नाही. मुंग्या येतात."

"येऊ देत. रक्त फिरतं आहे म्हणायचं."

त्याच दिवशी ऊन कलताना ती विचारणारी आली. शहरातल्या कुठल्या संस्थेची होती. चष्मा, पाठीला पिशवी आणि हातात पाटीएवढा मोबाइल. खालच्या आळीची दुकानदारीण तिला वर घेऊन आली होती. दुकानदारीण दुकानात बसून साऱ्या गावाच्या उंबऱ्याआतलं सांगणारी. कुणी किती साखर नेली यावरून कुणाकडे पाहुणे येणार ते ओळखायची. थोरलीचं आणि तिचं एकमेकींशी गोड बोलायचं भांडण फार जुनं.

विचारणारीनं पाणी मागितलं, पोटभर प्यायली आणि सगळं नीट समजावून सांगितलं. गावात पाणी कोण आणतं, कुठून आणतं, त्यापायी कुणाचं काय दुखतं, कुणाचं काय राहून जातं, ते त्यांना समजून घ्यायचं होतं. नळाची एकच लाइन सध्या टाकता येणार होती. दोन्ही आळ्यांचं ऐकायचं आणि जिथं हाल जास्त तिथं ती आधी न्यायची, असं होतं. "म्हणून काही झाकू नका आजी," ती म्हणाली. "जे आहे ते सांगा."

"आजी कुणाची? मावशी म्हण."

"बरं, मावशी."

दुकानदारीण पायरीवर टेकली होती. तिनं उसासा टाकला आणि आपल्या आळीचं सांगायला लागली. विहिरीचं पाणी मचूळ, चहासुद्धा खारट लागतो, बायकांचे केस गळतात. ते ऐकून थोरलीच्या मनात पहिलं आलं ते हे, की परक्या माणसासमोर रडं घालायला हिला लाज कशी वाटत नाही. दुसरं आलं ते हे, की हिच्यासमोर आपण रडायचं नाही.

मग विचारणारीनं विचारलं, झरा किती लांब. थोरली म्हणाली, हे इथं. तिनं विचारलं, वाट कशी आहे. थोरली म्हणाली, वाटेसारखी. रोज कोण जातं, तर सून जाते. घरातलं, शेतातलं सगळं करून वर पाणी, हे जमतं का. हा प्रश्न विचारणारीनं थोरलीला नाही, चुलीपाशी बसलेल्या सुनेला विचारला. सून पाठमोरी होती. विस्तवावर फुंकर घालत होती. तिनं मान वळवली नाही, पण उत्तर दिलं.

"भागते हो," ती म्हणाली.

"काय म्हणाली?" विचारणारीला नीट ऐकू आलं नव्हतं.

थोरलीला नीट ऐकू आलं होतं. कान अजून तिखट होते तिचे. सून 'भागते' म्हणाली होती. दमते, जीव मेटाकुटीला येतो, ते भागणं. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा असलं काही बोलली होती, आणि तेही पायरीवर दुकानदारीण बसलेली असताना. थोरलीचं तोंड तिच्या आधी उघडलं.

"भागतं म्हणाली. पाणी भागतं. आमचं भागतं सगळं."

एका मात्रेचा तर फरक. विचारणारी शहरातली. तिच्याकडे दमलं की दमले म्हणत असतील. तिनं 'भागतं' असं परत म्हणून बघितलं आणि बोटानं टिपून घेतलं. सुनेनं तेवढ्यात एकदाच मागं वळून सासूकडे बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर थोरलीनं ते तिथल्या तिथं परत केलं असतं. ती नुसती बघत होती, बाजारात हरवलेली वस्तू दुसऱ्याच्या हातात दिसावी तशी. मग ती परत विस्तवाकडे वळली.

एवढ्यावर थांबली असती तर ती थोरली कसली. विचारणारी पुढच्या घरात निघाली तशी हीही निघाली. शिंपीण मशीनवर बसली होती. तिनं तोंड उघडायच्या आत थोरली तिच्या उंबऱ्यात जाऊन बसली. शिंपीण एकदा विचारणारीकडे बघे, एकदा थोरलीकडे, आणि शेवटी तिनं दातानं दोरा तोडला आणि म्हणाली, "भागतं आमचं." त्याच्या पुढच्या घरीही तेच. आळीभर थोरली पुढे बसली आणि आळीभर भागलं. विचारणारी एकदा हळूच म्हणाली होती की मला प्रत्येकीशी एकेकटीशी बोलायचं आहे. थोरली म्हणाली, बोल की, मी कुठं मध्ये बोलते आहे.

संध्याकाळी तिला आपलाच मोठा अभिमान वाटत होता. आळीची लाज राखली, असं ती म्हाताऱ्याला म्हणाली. म्हातारा म्हणाला, "सून जेवली नाही आज." ती म्हणाली, "पोट बिघडलं असेल." म्हाताऱ्यानं त्या दिवशी मान हलवली नाही. थोरलीला ते आवडलं नाही.

त्यानंतर सुनेच्या हातून भांडी पडायला लागली. आधी कप पडला. मग तेलाची वाटी. एकदा चिमटीत धरलेली सुई कुठं गेली ते तिला कळलंच नाही, सुई तिच्या पायाशी पडली होती आणि ती बोटांत शोधत होती. थोरली आधी बोलली, मग चिडली आणि मग बोलायची थांबली. थोरली बोलायची थांबली हे आळीत इतकं नवं होतं की शिंपीण विचारायला आली, घरात सगळं बरं आहे ना. तिला उत्तर म्हणून 'भागतं' म्हणताना थोरलीची जीभ अडखळली. तिचं तिलाच ऐकू आलं.

दवाखान्यात डॉक्टरनं सुनेच्या मानेवर बोट फिरवलं, हात वर करायला लावला, बोटं मिटायला लावली. मग थोरलीकडे बघून म्हणाला की मानेचे मणके दबलेत, नस चेपते आहे. डोक्यावर ओझं आता बंद. आणि मग सहज बोलावं तसं विचारलं, "किती वर्षं झाली हिला मुंग्या यायला?"

सून म्हणाली, "बरीच."

थोरलीला वाटलं होतं, ही आताची गोष्ट आहे. परतताना दोघी गाडीत शेजारी बसल्या होत्या. थोरली सारखी तिच्या मानेकडे बघत होती. लग्नाआधी बघितली होती तशीच, ताठ. आता तिला कळत होतं की ती ताठ होती कारण वाकवली की दुखत होती.

पाणी तर लागणारच. सकाळी सून उठायच्या आधीच थोरलीनं चुंबळ घेतली, हंडा घेतला आणि निघाली. इतक्या वर्षांत ती झऱ्यावर गेली नव्हती. सून आल्यावर कशाला जाईल. पण पायांना वाट ठाऊक होती. उंबराच्या मागून उतार, मोठा काळा दगड, मग डावीकडे ओलसर कपार. कपारीत ती वाकली आणि बघत राहिली.

कपारीत पाणी नव्हतं. शेवाळही नव्हतं. वाळलेली पानं होती आणि एक कोळी जाळं विणून निवांत बसला होता. जुन्या ठिकाणी कित्येक वर्षांत कुणी भांडं बुडवलेलं नव्हतं. वाट मात्र तिथून पुढं खाली गेली होती. ताजी, पायांनी झिजलेली, बायकांच्या पावलांची. थोरली त्या वाटेनं उतरत राहिली. उतरताना तिला भीती वाटायला लागली, उताराची नाही, परत यायची. दगड सुटे होते. एके ठिकाणी वाट इतकी अरुंद की एक पाय टाकला की दुसरा कुठं टाकायचा याचा विचार करावा लागावा. झाडं संपली आणि पार खाली, ओढ्याच्या कोरड्या पात्रात, एक खड्डा दिसला. त्यात तळाशी पाणी होतं. काठावर वाटी ठेवलेली, कारण भांडं बुडत नव्हतं. वाटीवाटीनं भरायचं आणि मग थांबायचं, तळातून परत झिरपेपर्यंत.

म्हणजे गप्पा मारत नव्हती सून. बसून वाट बघत होती, खड्डा भरायची.

थोरली तिथं बसली आणि वाटीवाटीनं हंडा भरला. मागून आळीतल्या दोघी आल्या, थोरलीला बघून थबकल्या, मग गुपचूप काठावर बसल्या. थोरलीनं त्यांना विचारलं, वरचा झरा कधी आटला. त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हणाली, तुम्हाला माहीत असेल असं वाटलं. दुसरी म्हणाली, तुमच्या सुनेनं सांगितलं असेल ना. थोरलीला आठवलं, सुनेनं सांगितलं होतं. लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते तेव्हा ती म्हणाली होती, आई, वर पाणी कमी झालंय. आणि थोरलीनं तिला दुधाची गोष्ट ऐकवली होती. त्यानंतर पोरीनं काही सांगितलं नव्हतं.

हंडा डोक्यावर घेऊन ती अर्ध्या चढापर्यंत आली आणि गुडघ्यानं सांगितलं की पुरे. ती दगडावर बसली. इकडे तिकडे बघितलं. कुणी नव्हतं. मग तिनं हंडा कलता केला आणि निम्मं पाणी ओतून दिलं. एवढं कष्टानं भरलेलं पाणी दगडांवरून खाली गेलं आणि क्षणात जमिनीनं गिळलं. उरलेला अर्धा हंडा घेऊन ती घरी आली. सून अंगणात उभी होती. तिनं हंड्यात बघितलं, मग सासूकडे बघितलं. दोघींनाही माहीत होतं की हंडा अर्धा राहिला तो खड्ड्यात पाणी नव्हतं म्हणून नाही. सून आत गेली. एखादा टोमणा मारला असता तर थोरलीला बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून म्हातारा दोन्ही हातांत पत्र्याचे डबे घेऊन पाण्याला जायला लागला. आळीतले पुरुष हसले. शिंपीण म्हणाली, आता म्हाताऱ्याला बघायला लोक उभे राहतील. त्यानं मनावर घेतलं नाही. पण थोरलीला तेही बघवेना. आपल्या तोंडानं झाकलेलं ते सगळं आता दोन डब्यांतून वाटेवर सांडत घरी येतं आहे असं तिला वाटायचं. सुनेशी बोलायला ती तोंड उघडायची आणि निघायचं ते भलतंच. "मीठ कमी आहे," म्हणायची, आणि मीठ बरोबर असायचं.

मग निरोप आला. विचारणारी परत येणार होती. गोळा केलेलं सगळं गावाला ऐकवणार, लोकांनी सांगायचं बरोबर आहे की चुकलंय, आणि मग नळाची लाइन ठरणार.

शाळेच्या खोलीत लोक मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. फळ्यावर पुसायचे राहिलेले भागाकार होते. विचारणारीनं त्यावरच गावाचं चित्र असलेला मोठा कागद डकवला. खालची आळी, वरची आळी, विहीर, झरा. झऱ्याचा निळा ठिपका वरच्या आळीला अगदी चिकटून होता.

"हे मी तुमच्याकडून ऐकलेलं आहे," ती म्हणाली. "माझं नाही. चुकलं असेल तर इथंच सांगा, नंतर सांगून उपयोग होणार नाही."

खालच्या आळीचं तिनं नीट मांडलं. पाणी मचूळ, उन्हाळ्यात विहीर तळाला जाते, कुणाकुणाला मुतखडा झाला. मग वरच्या आळीवर आली. झरा जवळ, वाट ठीक, तक्रार नाही. "आणि एक शब्द प्रत्येकीच्या तोंडी आला," ती म्हणाली. "भागतं. म्हणून आमच्या मते नळ आधी खाली जावा."

वरच्या आळीच्या बायका थोरलीकडे बघायला लागल्या. शिंपीण नखाशी खेळत होती. सून मागच्या बाकावर होती, उजवा हात मांडीवर ठेवून, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे आणि सांभाळायला दिलाय. थोरलीला वाटलं, कुणीतरी उठेल. आळीत एवढ्या बायका. मग तिला कळलं की कुणी उठणार नाही, कारण त्यांना तसं वळण तिनंच लावलंय.

ती उठायला गेली तर बाक इतका बुटका की गुडघा सुटेना. म्हाताऱ्यानं हात दिला.

"ते खोटं आहे," ती म्हणाली.

"कुठलं, मावशी?"

"वरच्या आळीचं सगळं. तो ठिपका तिथं नाही. तिथं कोळी राहतो आता. पाणी पार खाली ओढ्यात आहे, खड्ड्यात, वाटीनं भरतात. मला माहीत नव्हतं. पण दुसरं माहीत होतं." तिनं मागच्या बाकाकडे बोट केलं. "माझी सून तुला म्हणाली होती, भागते. मी भागते, म्हणाली. ते मला ऐकू आलं होतं. मी तुला सांगितलं, भागतं. मुद्दाम."

मग दुकानदारीण बोलली, तिच्या नेहमीच्या गोड आवाजात.

"म्हणजे तेव्हा खोटं का आता खोटं? नळ खाली निघाला तशी थोरलीला तहान लागली वाटतं."

लोक हसले. खालच्या आळीचे मोठ्यानं, वरच्या आळीचे तोंड लपवून. थोरलीला दुकानदारिणीची साखरेच्या मापापासून नवऱ्याच्या उधळेपणापर्यंत सगळी कुंडली माहीत होती. एक वाक्य जिभेवर आलंही होतं. तिनं ते गिळलं.

"तेव्हा खोटं," ती म्हणाली.

विचारणारीनं चष्मा काढून पुसला. "मावशी, तुमचं एकटीचं ऐकून मी हे आता पुसू शकत नाही," ती म्हणाली. "मागच्या वेळीही मी तुमचं एकटीचंच ऐकलं, तुम्ही प्रत्येक घरात बसलात आणि मी बसू दिलं. तिथं माझी चूक झाली."

थोरलीला हे अपेक्षित नव्हतं. आपण उठून सांगितलं की झालं, असं तिला वाटलं होतं. आपला शब्द पुरेल असं वाटायची ती शेवटची वेळ होती.

विचारणारी लोकांना म्हणाली की नळाचं आज ठरणार नाही. वरच्या आळीत ती परत येईल, बायकांबरोबर ओढ्यापर्यंत चालेल आणि प्रत्येकीशी दार लावून बोलेल. त्यातून काय निघेल ते निघेल. कदाचित नळ खालीच जाईल. खालचे कुरकुरले. दुकानदारीण म्हणाली, आमच्या किडन्यांनी तोवर काय करायचं. ते अगदीच खोटं नव्हतं, आणि थोरलीला तेही लागलं. खालच्यांचंही तिनंच लांबवलं होतं.

"आणि मी?" तिनं विचारलं.

"तुम्ही बाहेर बसायचं, मावशी."

चढ चढताना सून तिच्या मागून येत होती. काहीतरी म्हणायला हवं होतं. थोरली म्हणाली, "सांभाळून ये, दगड सुटे आहेत."

"दगड माहीत आहेत मला," सून म्हणाली.

विचारणारी आली ती भल्या सकाळी. आधी शिंपिणीकडे गेली, मग इतर घरांतून फिरली, मग सुनेबरोबर ओढ्यात उतरून आली. परत आली तेव्हा तिचे बूट धुळीनं माखले होते, तळवा खरचटला होता आणि बराच वेळ ती नुसती धापा टाकत होती. मग दोघी स्वयंपाकघरात गेल्या. सुनेनं दाराला हात लावला, थोरलीकडे बघितलं आणि दार लोटलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला. त्या घरात त्या दाराला दिवसा कडी कधीच लागली नव्हती.

थोरली आधी खिडकीखाली बसली. तिथं तिची रोजची जागा होती, सावली होती. आतला आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. थोडं पुढं सरकलं असतं तर कळले असते. तिनं पाट उचलला आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, शेळ्यांपाशी, उन्हात नेऊन ठेवला. म्हातारा तिच्याकडे बघत होता. "ऊन आहे तिथं," तो म्हणाला. "असू दे," ती म्हणाली.

आतला आवाज चालूच होता. सुनेचा. थोरलीला त्या आवाजातलं 'हो आई' माहीत होतं, 'आले' माहीत होतं, 'झालं' माहीत होतं. एवढं लांबलचक बोलणं या आवाजात असेल हे तिला माहीत नव्हतं. मध्येच तो चढायचा, मग खाली जायचा, मग काहीतरी समजावून सांगत असल्यासारखा एका लयीत चालायचा. त्यात आपण असणारच. कुठल्या शब्दांत असू, याचा ती विचार करत राहिली. तिला जे जे शब्द सुचले त्यातला एकही तिला चुकीचा म्हणता येईना.

एकदा आवाज थांबला. मग आतून काहीतरी ऐकू आलं. सून हसली की रडली ते तिथून कळत नव्हतं. थोरली पाटावरून अर्धी उठली आणि परत बसली.

शिंपीण कुंपणाशी आली. तिचं बोलून झालं होतं, म्हणून तिला आता दुसऱ्यांच्याकडे बघायला सवड होती. "थोरल्या काकू," तिनं हळू आवाजात विचारलं, "काय सांगतेय ओ ती एवढं?"

"मला माहीत नाही," थोरली म्हणाली. "तिचं तिला विचार."